दहा सेकंद

अकरा ओळी होत्या एन्सिओच्या मेनूत,
काळ्या पडद्यावर पांढऱ्या.
नव्या कर्नेलखाली जुनं, त्याखाली त्याहून जुनं,
मेमरी तपासायची एक, दुरुस्तीच्या दोन,
आणि एक ओळ कशासाठी होती
ते त्यालाही आठवत नव्हतं, पण काढवतही नव्हती.
तळाशी उलटे पळणारे आकडे: दहा, नऊ, आठ.

ऊलूच्या वाचनालयात, जानेवारीत,
सकाळचे नऊ वाजले तरी बाहेर रात्रच असते तेव्हा,
तूलिक्की वही घेऊन कोपऱ्यात बसली.
कुणाला काही विचारायचं नाही, असं ठरलं होतं आमचं.
विचारलं की माणसं शहाण्यासारखी उत्तरं देतात.
नुसतं बघायचं.

एक बाई बुटांवरचा बर्फ झटकत राहिल्या,
मान वर केली तेव्हा मेनू येऊन गेलेला.
एका पोराने एंटर सात वेळा बडवलं,
लिफ्टचं बटण बडवावं तसं.
कुणी थर्मासमधली कॉफी ओतून घेतली.
कागद गिरणीतून निवृत्त झालेले ऊर्पो
आकड्यांकडे टक लावून बसले, पण हात मांडीवर.
चार दिवस, एकसष्ट माणसं.
बाण खाली नेला एकानेही नाही.

आणि पाचव्या दिवशी साइमी आली, रात्रपाळी संपवून.
तिचं यंत्र अडकलं, खरोखरच अडकलं.
औषध तिथंच होतं, सहाव्या ओळीत.
तिनं वाचलं नाही. बंद केलं. चालू केलं.
पुन्हा बंद. पुन्हा चालू.
मग डब्यावर तळहात ठेवला,
तापल्या कपाळावर ठेवते तसा.

तूलिक्कीनं वहीत एवढंच लिहिलं:
मदत मागितली तिनं. दोनदा. आपल्याला ऐकू आली नाही.

मग सोपं होतं सगळं, म्हणजे भांडणं सोडून.
यंत्र धड उठलं तर मेनू दाखवायचाच नाही.
दोनदा अडखळलं तरच दार उघडायचं,
आत तीन ओळी, माणसाच्या बोलीत:
पुन्हा करून बघा. कालच्यासारखं सुरू करा. दुरुस्त करा.
एन्सिओ म्हणाला, आणि बाकीच्या आठ?
प्रत्येक ओळ कुणाच्या तरी एका वाईट रात्री लिहिली होती त्यानं.
त्या ठेवल्या, शिफ्ट दाबून धरणाऱ्यासाठी.
तो घरी दाबतो कधीकधी. उगीच.

मार्चमध्ये उजेड परतला, तेव्हा आम्ही पुन्हा गेलो.
ग्रंथपाल म्हणाल्या, बदललंय काही? आम्हाला तर नाही दिसलं.
आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

तेवढ्यात ऊर्पो उठून आले. ते काळं पान कुठं गेलं, म्हणाले.
कुठलं?
आकड्यांचं. रक्तदाबाची गोळी घ्यायचो मी तेव्हा.
दहाला डबी उघडायची, चारला पाणी.
आता ते लगेच सुरू होतं
आणि गोळी राहून जाते.

तूलिक्कीनं वही उघडली.
पेन हातात धरून
बराच वेळ नुसती बसून राहिली.