एक कान दुधाला

डाव्या कानात पुस्तक, उजवा कान दुधाला.
दोन्ही बोळे घातले तर कढई मुकी होते.
शहापुरात, खडेबाजारच्या मागल्या भट्टीत
वीस लिटरचा कुंदा रात्री नऊला चढतो
आणि एकच्या सुमारास दूध आवाज बदलतं:
आधी सळसळ, मग थबथब, मग
उलथन्यामागून ओढत येणारी जड चप्पल.
हे कुठल्या पुस्तकात नाही. असलं तर सांगा.

फोन वैजनाथनं लावून दिला, पुतण्यानं.
"काका, कान रिकामे कशाला ठेवता?"
तीन वर्षं झाली. साठ-सत्तर पुस्तकं.
वाचली म्हणू की ऐकली म्हणू,
शेठला दोन्ही थापच वाटते.

तर माझं मत, कुणी विचारलं नाही तरी.

खऱ्या गोष्टींची पुस्तकं मंद आचेची.
झोपेवरचं एक ऐकलं, साखरेवरचं एक, एक ज्वालामुखीवर.
मधेच उठा, दूध ओता, तंबाखू मळा,
परत या, माणूस अजून तेच पटवत असतो.
आकडे मात्र कानात बसत नाहीत,
ओल्या बोटावरून साय घसरते तसे जातात.
एका बाईनं तर गंभीर आवाजात वाचलं,
"पान एकशे बेचाळीसवरचा तक्ता पाहा."
मी पाहिलं. समोर भिंत.
भिंतीवर खडूनं दुधाचा हिशेब.

कादंबरीचं तसं नाही.
पाच मिनिटं लक्ष काढलं की कुणीतरी मेलेलं असतं
आणि घरात दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची यादी चाललेली.
ती दीडपट वेगानं ऐकणं म्हणजे
गॅस मोठा करून कुंदा उरकणं.
वर रंग येतो, खाली लागतं.

एकदा लागलंही.
अकरा वर्षांनी एक पोरगी माहेरच्या दारात,
कडी वाजवू की नको,
आणि मी उलथनं धरून तिच्याशेजारी उभा.
अठरा लिटर. पगारातून गेले.
तिनं कडी वाजवली नाही ती नाहीच.

वाचणाऱ्यानं खोकू नये.
म्हाताऱ्याचा खोकला, पोराचं बोबडं, असलं नाटक नको.
पोस्टमन ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवायचा
तसं सरळ वाच बाबा,
रडायचं काय ते मी बघतो.
आणि मागं सतार तर मुळीच नको.
वेलदोडा जास्त झाला की
दुधाबद्दलच संशय येतो.

अजून एक. सीमाभागावरचं जाडजूड खरं पुस्तक,
वाचणारा येळ्ळूरला "येलूर" म्हणाला.
माझं आजोळ ते.
पुढचं एकही वाक्य मला खरं वाटेना.
कादंबरीतलं गाव कुणाचंच आजोळ नसतं,
म्हणून तिथं बिनघोर राहता येतं.

बसलिंगच्या कानात कन्नड.
तो साखर घालतो, मी ढवळतो,
अकराच्या चहाला आपापली गोष्ट
एकमेकांच्या बशीत ओततो.
"आमेले एन आयतु?" मी विचारतो.
तो मराठीत सांगतो, अडला की हातानं.
मागच्या दिवाळीत त्यानं दोन भावांची गोष्ट सांगितली,
पंधरा रात्री पुरली.
शेवटी मलप्रभेच्या उतारावर दोघे समोरासमोर येतात,
धाकटा थोरल्याची वाहत चाललेली चप्पल
पाण्यात शिरून काढून देतो.
मी त्या रात्री साखर दोनदा चाखली.

परवा तीच कादंबरी मराठीत सापडली.
अख्खी ऐकली. भाऊ भेटत नाहीत.
नदीच नाही त्यात.
वैजनाथ म्हणाला, त्या महिन्यात बसलिंगची वर्गणी संपली होती,
शेवटचे दोन भाग राहिले त्याचे.

खरी गोष्ट की रचलेली,
इतकी मतं असून मला हे ठरवता येईना.
एक वाजला. दुधानं आवाज बदलला.
मी डाव्या कानातला बोळा काढून खिशात टाकला.
"बसलिंग, त्या धाकट्याचं पुढं काय झालं रे?"

साखरेचं माप त्यानं तसंच हवेत धरलं.
"थांब की," म्हणाला,
"आठवायलोय."