उतार

दगड कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो.
ड्रमकीरनच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड,
बाहेर पंख नसलेले दोन देवदूत, भिजत.
"फोर्ड. पाच अक्षरं," तो म्हणाला, "शेवटचं मुकं."
"मुक्याचेही पैसे?"
"मुक्यालाही छिन्नी तेवढीच लागते, बाळ."

ॲट्रॅक्टा आत्यानं पर्समधून कागद काढला,
घडीवर झिजून पारदर्शक झालेला.
त्यावर तेरा अक्षरं,
आणि एकाच्या डोक्यावर तिरकी रेघ.
मॅक कॉन्नाव्हा.
"फेलिमला ह्या नावानं झोपवायचंय," ती म्हणाली.

पोहणाऱ्या कुत्र्याचा मुलगा, असा त्याचा अर्थ.
शिवी नव्हे.
एके काळी इकडे कुणाला कुत्रा म्हणणं
म्हणजे पंक्तीत वरचं पान देणं.
कुणीतरी एक, लॉक ॲलनच्या काळ्या पाण्यात,
दातांत काहीतरी घट्ट धरून
(भाला? लेकरू? शेजाऱ्याची मेंढी?)
पलीकडे पोचला,
आणि काठावरच्यांनी मारलेली ती हाक
कितीएक पिढ्या वाळलीच नाही.

मग कारकून आला.
बटाटे सडण्याच्या आधीचा कुठलातरी शरद,
त्याचे बूट ओले, शाई पातळ,
आणि आयरिश त्याला थोडीशी येत होती.
अजिबात येत नसती तर बरं झालं असतं.
नावाच्या शेपटाशी त्याला 'ऑ' ऐकू आला.
ऑ म्हणजे उतार:
जिथे नदी कंटाळून पसरते
आणि गाय-वासरूसुद्धा चालत जातं.
पोहणं ओलांडून त्यानं चालणं लिहिलं.
फोर्ड. वाळू टाकली. पुढचा.

हे आत्याचं म्हणणं.
डेक्लन काका म्हणतो, कारकून-बिरकून काही नव्हता,
आपल्याच पणजोबानं आरिग्नाच्या कोळशाच्या खाणीत
मुकादमाला उच्चारता येईल असं नाव सांगितलं,
कारण ज्याचं नाव घेता येत नाही
त्याची हजेरी लागत नाही.
"पोट भरलं ना त्या नावानं?" काका विचारतो,
आणि आत्या त्याच्या चहात साखर घालायची विसरते.

मी मधे बसून बाबांचा विचार करते.
तीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी,
दुसऱ्यांची नावं कधी चुकवली नाहीत,
मोडक्या अक्षरातली, पत्ता नसलेली,
बॉस्टनहून मेलेल्यांना आलेलीसुद्धा.
पोहता मात्र येत नव्हतं.
कुणालाच येत नाही आमच्यात.
तळ्यावर गेलो की विजार गुडघ्यापर्यंत दुमडून
दगडावर दगड चाचपत
ते जायचे तेवढेच,
आणि तिथून हात करायचे.
कारकुनानं चुकून
त्यांनाच पाहिलं असेल का पुढच्या काळात?

आत्यानं कोंबड्यांचं खुराडं विकून
आठ जास्तीच्या अक्षरांचे पैसे भरले.
नोव्हेंबरात दगड उभा राहिला.
सुबक. खोल. तेराच्या तेरा.
रेघ नाही.

"टिकलीएवढी तर आहे," कोरणारा म्हणाला,
"आता दगडाला हात लावला तर कपचा उडेल."
पण त्या रेघेशिवाय तो कुत्रा
पोहत नाही,
बुडतही नाही,
नुसता पाण्यात उभा.

आत्या काही बोलली नाही.
पर्समधून नेलपॉलिश काढलं,
चेरीसारखं लाल, कुणाच्या तरी लग्नातलं उरलेलं,
चष्मा कपाळावर सरकवला,
आणि गुडघे टेकून, जीभ दातांत धरून,
अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ ओढली.
फुंकर मारली.

एका हिवाळ्यात ती धुऊन जाते.
दर वर्षी आम्ही दोघी जातो.
ह्या वेळी तिचा हात कापत होता, रेघ जरा लांबली,
दगडाच्या कडेपर्यंत गेली.
"राहू दे," ती म्हणाली,
"पाणी हललं की असंच होतं."
बाटली माझ्या खिशात टाकली,
आणि बसस्टॉपकडे निघाली, डबकी टाळत.