कडेची दोन अक्षरं

मुजीबभाईच्या झेरॉक्स मशीनला
उजवी कड दिसत नसे.
पान कुठलंही टाका,
ओळीच्या टोकाची दोन-चार अक्षरं ते गिळायचं.
'काच सरकलीय बेटी, लातूरहून माणूस येणारय,'
हे तो दोन वर्षं सांगत होता.

उदगीरला, देगलूर रोडला, चार ते आठ मी त्या दुकानात.
पगार थोडका,
आणि फसलेल्या प्रती फुकट.
माझी बारावी त्याच प्रतींवर.

अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावर रेवणसिद्ध हुडगे.
त्याची पुस्तकं कोरी, पानांना अजून गोंदाचा वास.
पिवळ्या पेनानं तो ओळ न् ओळ रंगवायचा,
पुस्तक उघडलं की करडईचं रान फुललेलं,
आणि एवढ्या पिवळ्यात
त्याचं त्यालाच काही सापडत नसे.
वहीच्या मागच्या पानावर तो तास लिहायचा :
सोमवार अकरा. मंगळवार साडेबारा.
काय कळलं, त्याला रकाना नव्हता.

मला कुठले साडेबारा.
मला सकाळचे दोन,
आणि आठव्या दिवशी नळ आला की तेही नाहीत,
घागरी, बादल्या, ड्रम, आईच्या हाका.

तर त्या दोन तासांत पुढ्यात हे असं :
'यकृत जादा ग्लुकोजचं रूपांतर करतं ग्लायको'
आणि कागद संपलेला.
ग्लायको काय?
थांबावंच लागायचं.
डोळे मिटून, घरात दिवा शोधावा तसं
काल वाचलेल्यात चाचपडत जायचं
आणि हाताला लागायचं : जेन.

'जसजसं उंच जावं, हवेचा दाब होतो'
काय होतो? कमी की जास्त?
मग एसटीनं बालाघाट चढून बघायचे, मनातल्या मनात.
घाट कसला, टेकाडंच ती,
छातीला विचारलं तर छाती काय सांगणार.
तरी एक उत्तर पेन्सिलीनं लिहायचंच,
आणि संध्याकाळी कुणी मूळ पुस्तक घेऊन आलं
की प्रती काढता काढता चोरून बघायचं.

चुकलं ते तर जास्तच पक्कं.
मूत्रपिंडातल्या 'नेफ्रॉ'ला मी एकदा नेफ्रॉल म्हणाले,
चांगलं मोठ्यानं.
दैवशाला एवढी हसली
की नेफ्रॉन आता सरणावरच सुटेल.

मग पौषात तो माणूस खरंच आला.
काच बसली. पानं अख्खी निघायला लागली,
शेवटच्या पूर्णविरामासकट.
मी हरखले. एका रात्री तीस पानं,
सगळं कळत होतं, सगळं ओळखीचं,
मान हलवत हलवत वाचलं.
सकाळी बघते तर
पाटीवर पाण्यानं लिहिलेलं.
वाळलं. गेलं.

साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
दोन बोटं रुंद पट्टी,
ती उजव्या कडेवर ठेवून वाचायला बसले.
मुजीबभाईनं कपाळावर हात मारला :
'एवढे पैसे घालून काच बसवली,
अन् तू काय झाकून बसलालीस गं?'

परीक्षेला महिना राहिला तेव्हा
रेवणसिद्धनं माझ्या नोट्स मागितल्या.
दिल्या. जुन्याच.
तासाभरात परत घेऊन आला,
'यात तर टोकाचं नाहीच की.'
म्हणलं, 'तेवढंच तर वाचायचंय.'
त्याला तो टोमणा वाटला बहुतेक.
कागद टेबलावर आपटून गेला. पण नेले नाहीत असं नाही,
रात्री बघितलं तर टेबलावर नव्हते.

दोन दिवसांनी अभ्यासिकेतली लाईट गेली.
खुर्च्या सरकल्या, मोबाईल पेटले,
पोरं चहाला उतरली.
शेजारच्या टेबलावर मात्र अंधारच,
आणि अंधारात पुटपुटणं,
'ग्लायको... ग्लायको... अरे काय ते...'

मला येत होतं.
ओठांवर आलं होतं.
मी सांगितलं नाही.