विद्यमान वनस्पती

क्राइस्टचर्चला भूकंपानंतर
नदीकाठची घरं उचलून नेली, झाडं तशीच ठेवली.
मास्टर्सचं दुसरं वर्ष. टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं पाराटेनेकडे.
कॅमेलिया म्हणजे पुढचं दार,
लिंबू म्हणजे मागचं.
मी लिहिते: विद्यमान वनस्पती, स्थिती बरी.

स्टुडिओत फेनविक बाईंनी माझ्या आराखड्यावर
ट्रेसिंग पेपर पसरला, पेन्सिल उचलली,
परत ठेवली.
"वाट सुरेख आहे. कोण चालतं हिच्यावरून?"

फेब्रुवारीत एक म्हातारी आली, बादली घेऊन.
रस्ता सोडून गवतात शिरली,
कॅमेलियापाशी थांबून पाय पुसले,
चार पावलं सरळ, मग डावीकडे,
मग उजवीकडे,
कुणाच्या तरी खुर्चीला वळसा घालून
प्लमखाली उभी राहिली.
"फांदी ओढ गं जरा खाली."

ओढली. मूठभर प्लम मिळाले, दोन किडके.

रात्री माझी नागमोडी वाट खोडून
तिची काढली: सव्वीस पावलं, दोन काटकोन,
एक वळसा.
परीक्षक विचारतीलच,
मोकळ्या गवतात काटकोन कशाला?
पाराटेने खांद्यावरून डोकावतो,
म्हणतो, स्केल लिहायची राहिली.