नऊ इंच

कात्री म्हणायचे सगळे, पण होतं ब्लेड,
एका धारेचं, दाढीचं.
बरबँक, अडुसष्टचा ऑक्टोबर, स्टुडिओचा तळमजला:
मी टेपचे डबे उचलायचो
आणि वर्ना हॅस्केल टेप कापायची.
दोन इंच रुंद, सेकंदाला पंधरा इंच पळणारी टेप.
तिच्यावर लोखंडाच्या किसाचं पाणी ब्रशने फिरवलं
की भिंगाखाली रेघा वर यायच्या,
पुसलेल्या पाटीवर जुनी बेरीज दिसावी तशा.

शुक्रवारी मिस्टर थॅक्सटर खाली उतरायचे.
नेटवर्कचे. पिवळी पेन्सिल, तोंडात पेपरमिंट.
आर्ची पेल्टनचा तो विनोद त्यांनी दोनदा लावायला सांगितला:
"काल पोराला सरकारचं पत्र आलं.
दोन वर्षं मी ओरडतोय, केस काप, केस काप.
ते म्हणतात, आम्ही कापतो.
केसांपासून सुरुवात करू."
थॅक्सटर हसले. खरंच हसले,
चष्मा काढून डोळे पुसले,
आणि म्हणाले, हे काढ.

सतरा सेकंद. एकवीस फूट.
प्रेक्षकांच्या हसण्यासकट.

आता एक गोष्ट, फक्त तळमजल्याला ठाऊक असलेली:
टेपवर आवाज आणि चित्र शेजारी राहत नाहीत.
आवाज नऊ इंच पुढे चालतो,
वरातीच्या पुढे वाजंत्री चालावी तसा.
म्हणून वरात कापली तरी
पहिला शब्द कापाच्या अलीकडे उरतो.
तो वेगळा पुसावा लागतो.
पुसायचं काम माझं.

त्या रात्री वर्ना म्हणाली, जा, कॉफी आण.
मी म्हटलं, नऊ इंच राहिलेत.
ती म्हणाली, साखर दोन.
साखर ती घेत नसे.
तिच्या टेबलाच्या काचेखाली डेलचा फोटो होता,
मे महिन्यातला, केस खांद्यापर्यंत.
जूनमध्ये त्याला पत्र आलं होतं.

मी सावकाश चाललो.
व्हिसाचा विचार आला, खोटं कशाला सांगू,
विचारलंच कुणी तर सांगायचं,
यंत्रात नाणं अडकलं होतं.
परत आलो तेव्हा डबा बंद होता
आणि झाकणावर रविवारची चिठ्ठी.

रविवार, रात्री नऊ.
पेल्टन तोंड उघडतो,
आणि लगेच नाचणाऱ्या मुली, पिसांचे पंखे,
त्या पंख्यांवरून त्याचा आवाज:
"काल".
एवढंच. अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त.
मग बँड.

बुधवारपर्यंत दोन पोती पत्रं.
बहुतेक चिडलेली, काही विनोद स्वतःच पूर्ण करणारी,
त्यातले तीन पेल्टनपेक्षा बरे.
एक पोस्टकार्ड नेब्रास्काहून, पेन्सिलीने लिहिलेलं:
"काल काय?
आमच्याकडे काल तार आली.
तुमच्याकडे काय आलं?"

थॅक्सटरांनी ते उभ्यानेच वाचलं.
कानामागची पेन्सिल काढली,
कार्ड उलटलं, परत सुलटं केलं,
खूण कुठे करायची
ते त्यांना सापडेना.