पाव इंच, वीस आटे

कॅमेरा केवढा, तर धुण्याच्या साबणाची वडी.
रोनेल कायमचा सेबूला निघाला तेव्हा
साडेसातशे दिरहमला देऊन गेला,
वाऱ्यासाठीची केसाळ टोपी फुकट.
माझा पंजा म्हणजे फावडं.
त्यातून तो ओल्या माशासारखा निसटतो.

शुक्रवारी रोल्यात गेलो.
शंसुद्दीननं काचेवर तीन मांडले.
तो म्हणतो केज. मी म्हणालो, पिंजरा दाखव.
हसला. पिंजऱ्यात पक्षी ठेवतात, भाई,
ह्यात आधी भोकं मोज.

मोजली. पहिल्याला एकोणतीस.
खोक्याला चुंबकाचं झाकण, दोनशे दहा दिरहम.
सतरा वर्षं अ‍ॅल्युमिनियम कापतोय,
कडेवरून नख ओढलं: कुठं बर नाही, काम चोख.
पण बॅटरीचं दार अर्धंच उघडतं.
म्हणजे दर पाऊण तासाला पान्हा घेऊन बसा.
पान्हा तर कंपनी फुकट देते,
त्याला दोनशे दहा कशाला?

दुसरा चाळीसचा, ओतीव.
स्क्रू दोन फेऱ्यांतच गरगरला.
आटे जन्मतःच मेलेले.
ठेवला खाली.

तिसरा पंच्याऐंशी.
तळाचं भोक अर्धा मिलीमीटर सरकलेलं,
पण दार पुरतं उघडतं,
आणि डाव्या कोपऱ्यात पट्टा ओवायची खाच.
त्या खाचेसाठीच तर सगळी पायपीट.

त्याचं असं आहे,
चौकट बसते आणि काच यायची असते
तो अर्धा तास माझा.
रिकाम्या चौकटीतून दिसेल ते टिपतो:
खाडीचं पाणी, समोरच्या गच्चीवर वाळणारे कंदुरे,
एकदा नुसतीच धूळ, सव्वा चार मिनिटं.
मागून बोलतो, मराठीत,
रुंदी बाराशे चाळीस, उंची पंधराशे, पलीकडे समुद्र.
काच बसली की खिडकी दुसऱ्याची.
त्रेसष्ट माणसं बघतात,
त्यांतली आठ माझ्याच खोलीतली.

आणि उंचीवर जे हातात, ते दोरीला.
हातोडी दोरीला, टेप दोरीला.
मागल्या महिन्यात विसाव्या मजल्यावर
दिल्रुक्शी मॅडमनी माझ्या हाताकडं बघितलं.
हे बांधलेलं नाही, म्हणाल्या. खाली माणसं चालतात.
काय बोलणार? बरोबरच होतं.

मूठ राहिली. दुकानातली पंचावन्नची,
नाजूक, माझी अडीच बोटं मावतील एवढी.
ती सोडली.
कारखान्यात दाराच्या पट्टीचा सागाचा तुकडा पडला होता,
बादशाह गुलनं तो माझ्या मुठीच्या मापानं घासून दिला.
पैसे घेईना.
म्हणाला, गावी पाठवायला माझा व्हिडिओ काढ,
कानस चालवणारा हात फक्त. तोंड नको.

जेवणाच्या सुट्टीत गोल कानशीनं
ते सरकलेलं भोक अर्धा मिलीमीटर ओढून घेतलं,
बाजूला मुठीसाठी नवं पाडलं, टॅप फिरवला.
पाव इंच, वीस आटे.
आख्खी शारजा मिलीमीटरवर उभी,
कॅमेरे तेवढे अजून इंचात.
अर्धी फेरी पुढं, पाव मागं,
शिरोलीत शिकलो होतो तसं,
आटा कापताना घाई केली की टॅप मोडतो
आणि मोडका टॅप कुणाच्या बापाला निघत नाही.

सोमवारी मॅडमनी पट्टा ओढून पाहिला.
पुन्हा ओढला, जोरात.
मग खिशातून ह्या महिन्याची हिरवी पट्टी काढली,
जी शिडीला लावतात, हातोड्यांना लावतात,
आणि पिंजऱ्याच्या वरच्या दांडीवर चिकटवली.
वहीत लिहिलं: हत्यार, एक नग.

मी चौकटीपाशी गेलो.
वारा सुटला होता, टोपीचे केस आडवे.
रुंदी नऊशे ऐंशी, म्हणालो,
आणि पुढचं माप विसरलो.