स्पिरिट लावायचं नाही

या रक्ताला स्पिरिट लावायचं नाही
हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले.
बाकी सगळ्या दंडांना लावायचं,
तापाच्या, सापाच्या, बाळंतिणीच्या.
पोलिसांनी आणलेल्याला फक्त साबणाचं पाणी.
नाहीतर वकील कोर्टात उभा राहून म्हणतो,
दारू पोटात नव्हती, साहेब, बोळ्यात होती.

वासी उत्तरायणाची रात्र.
सयाजी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत
एका बाकावर मांज्याने चिरलेले,
दुसऱ्या बाकावर प्यालेले,
मधे मी, दोन ट्रे घेऊन.
ट्रे एकमेकांत मिसळू नयेत
एवढंच माझं व्रत.

हवालदार सोळंकी जांभई देतो,
“बेन, जल्दी करजो ने, हजी त्रण बाकी छे.”

नाव : दिगंबर तावरे. वय : सेहेचाळीस.
धंदा : मकरपुऱ्यात लेथवर.
कुठे सापडला : नवापुऱ्यात, भर रस्त्यात,
तारेला लटकलेल्या पतंगाची समजूत घालताना.
श्वासाला वास : होय.
बोलणं :
इथे डॉक्टरांचं पेन थांबतं. नवे आहेत, भावनगरचे.
मला विचारतात, अडखळतोय का हा?
मी म्हणते, सर, आम्ही बडोद्याचे असेच बोलतो,
वाक्य मराठीत निघतं
आणि उतरतं गुजरातीत.

चाल : सरळ रेषेवर चालवून पाहावी.
रेषा म्हणजे फरशीचा सांधा.
पाइप बदलला तेव्हापासून
तो सांधाच एक्स-रेच्या दाराशी डावीकडे वळतो.
तावरे इमानाने सांध्यावरून गेला
आणि डावीकडे वळला.
डॉक्टरांनी लिहिलं : डगमगते.
मी काही बोलले नाही.
चौदा तास झाले होते. मला चालवलं असतं
तर काय लिहिलं असतं, कोण जाणे.

वरच्या मजल्यावर, दिवसा, दुसरा फॉर्म असतो.
तिथे माणसं ड्रायव्हर घेऊन येतात,
छातीचे कागद, झोप न येण्याचे कागद,
आणि बोर्डाची सही होते
की यांच्या प्रकृतीला दारू आवश्यक आहे.
फायली मीच नेते वर.
एका बिल्डरने परमिट आल्याचे पेढे दिले होते.
चांगले होते पेढे. खोटं कशाला बोलू.

“झोप मलाही येत नाही, सिस्टर,” तावरे म्हणतो,
“ते कुठल्या खान्यात लिहायचं?”

शीर मात्र छान, लेथवाल्याची,
बोट ठेवलं की स्वतःहून वर येणारी.
पाच मिली. दोन बाटल्या.
मेणबत्तीवर लाख वितळवायची, वर पितळी शिक्का.
झालं, आता हे रक्त सरकारचं.
रिपोर्ट येईस्तोवर
सुरतचा मांजा पुन्हा गुलाबी रंगलेला असेल.

कोपरात पट्टी लावली तेव्हा तो हळूच म्हणाला,
“घरी फोन करून सांगाल?
मांजा लागला म्हणा. गळ्याला.
टाके नाही पडले म्हणा, थोडक्यात वाचलो.”
ड्यूटीवर मी असलं सांगत नाही, मी म्हटलं.
“बरं,” म्हणाला.
रागावला नाही. आणि मग
कोपरातली पट्टी नखाने सोडवून
घाटीच्या खाली लावायला लागला,
आरसा नसताना, अंदाजाने,
सुताचाही फरक चालत नाही
अशा कामाची सवय असलेल्या बोटांनी.

सोळंकी हसला. मोठ्याने हसला, सगळा बाक हसला.
मग जवळ आला, वाकला,
“थोडी ऊपर राख, भाई. दोरी अहीं वागे,”
म्हणत त्याने स्वतःच्या गळ्यावर बोट फिरवलं.

पट्टी वर सरकली.
उघड्या कोपरातून एक थेंब मनगटाकडे निघाला होता.
सील झालं होतं. कायद्याचं काम झालं होतं.
मी दुसऱ्या ट्रेमधला बोळा उचलला,
स्पिरिटचा,
आणि पुसलं.
“चुरचुरतं,” तो म्हणाला.